नवलाच्या पुढचे पाऊल

मित्रमंडळींत भ्रमणध्वनीवरून फिरणाऱ्या नवलकथांत भिवंडी तालुक्यातील वज्रेश्वरी-अकलोलीची उष्ण कुंडे हमखास असतात. कोणी म्हणतो, हे दैत्यांचे रक्त. कोणी म्हणतो, खाली ज्वालामुखी धुमसतो आहे. पहिली उघड लोककथा आहे. दुसरी मात्र विज्ञानाचा वेष घेऊन येते, म्हणून अधिक फसवते. वस्तुतः दख्खनचा लाव्हारस सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच थिजला. पावसाचे पाणी भेगांतून खोल मुरते. भूगर्भात दर किलोमीटरला उष्णतामान सुमारे २५ ते ३० अंशांनी वाढते. तापलेले पाणी तानसेच्या काठी पुन्हा वर येते. म्हणजे आपण न्हातो ते जुन्या पावसातच! खरे नवल हेच नव्हे काय? शिक्षकाने विद्यार्थ्याचे कुतूहल मारू नये, त्याला ‘कशावरून?’ एवढा एक प्रश्न जोडून द्यावा.