बांधावरचे कूळ : सातभाई पक्षी

मृग नक्षत्र तोंडावर आले म्हणजे शिवारातून 'पेर्ते व्हा, पेर्ते व्हा' अशी हाक उठते. ती पावशाची, हे शेतकऱ्याच्या लहान मुलासही सांगावे लागत नाही. परंतु हा पावशा कोणाच्या घरी वाढला व कोणाचा घास खाऊन मोठा झाला, असे कोणी विचारले, तर भले भले जाणतेही विचारात पडतील. आम्हीही त्यांतलेच होतो. महसूल खात्याच्या कारकुनीत उमेदीची वर्षे गेली. त्या निमित्ताने बांधाबांधाने पुष्कळ हिंडलो. पण बांधाची रुंदी तेवढी पाहिली, बांधावर राहते कोण हे पाहिले नाही. सेवेतून मोकळे झाल्यावर जे पाहिले व वाचले, ते वाचकांपुढे ठेवीत आहो.

पावशाचा सांभाळ करणारा पक्षी म्हणजे सातभाई. मातकट रंगाचे, विसविशीत पिसांचे, सदा कलकलाट करणारे हे पक्षी थव्याने पाचोळा उलथीत हिंडतात. आमच्या देशावर त्यांच्या तीन जाती सहज दृष्टीस पडतात. आमराईत व घराच्या परसात येतो तो पिवळ्या चोचीचा रानसातभाई. माळरानी, बाभळीच्या आसऱ्याने राहतो तो मोठा करडा सातभाई. उडताना त्याच्या लांब शेपटीच्या कडा पांढऱ्या दिसतात. तिसरा अंगाने लहान, पाठीवर रेघोट्या असलेला. तो काटेरी झुडपांच्या बुडातून उंदरासारखा पळतो. सह्याद्रीच्या दाट झाडीत तांबूस वर्णाचा आणखी एक भाऊबंद आहे. तो आपल्या पिकात येत नाही.

ह्यांस सातभाई म्हणतात म्हणून थव्यात साताचीच गणती असते असे नाही; कधी पाच, कधी दहा, कधी त्याहूनही अधिक. इंग्रजांनी ह्याच पक्ष्यांस 'सात बहिणी' म्हटले. भाऊ खरे की बहिणी, हा तंटा पक्षिशास्त्रज्ञांच्या निरीक्षणाने बराच मिटला आहे. रानसातभाईच्या थव्यात नर बहुधा जन्माच्या घरीच राहतात. माद्या सुमारे दोन वर्षांच्या झाल्या म्हणजे दुसऱ्या थव्यात निघून जातात. म्हणजे भाऊ एकत्र कुटुंबात व बहिणी सासरी, असा आपल्यासारखाच हा संसार आहे.

एकत्र कुटुंबाचा नियमही ते चांगला पाळतात. घरटे एका जोडप्याचे असले, तरी पिल्लांस भरविण्यास थव्यातील इतरही चोचीत किडे घेऊन येतात. सारे जमिनीवर चरत असता एखादा उंच फांदीवर पहारा करितो. शिकरा किंवा मांजर दिसताच तो ओरडतो आणि मग सर्व मिळून आकांत मांडतात. पिल्लांची बुबुळे आरंभी काळसर असतात व वय वाढेल तशी फिकट मलईच्या रंगाची होतात. सबब डोळ्यावरून वडीलधारा कोण व पोर कोण हे ओळखता येते. त्यांचा मुख्य आहार किडे होत. धान्याचे दाणे, बोरांसारखी फळे व फुलांतील मध ह्यांसही ते तोंड लावितात, हे लपविण्यात अर्थ नाही. परंतु जो वर्षभर बांधावर राहून बारा महिने किडे वेचितो, त्याने चार दाणे उचलले तर तो खंडात वजा धरावा, असे आमचे मत आहे.

आता पावशाकडे वळू. हा कोकिळेच्या कुळातला असून रूपाने शिकऱ्यासारखा दिसतो. स्वतः घरटे बांधणे त्यास ठाऊक नाही. सातभाईची अंडी गडद निळी, बहुधा तीन किंवा चार असतात. पावशाची मादी त्याच घरट्यात आपले निळेच अंडे टाकून जाते. पिल्लू बाहेर आले म्हणजे पुष्कळदा घरमालकाची अंडी बाहेर लोटून देते. पुढे ते उडू लागल्यावरही कित्येक दिवस सातभाईच्या मागे ओरडत फिरते व ते बिचारे त्यास भरवीत राहतात. कवींचा लाडका चातकही आपल्या देशात मुख्यतः सातभाईंच्याच घरी वाढतो. मात्र त्याचे पिल्लू यजमानाच्या पिल्लांस घराबाहेर काढीत नाही. सारांश, पावसाचे दोन्ही वर्दीदार एकाच गरीब घरचे अन्न खाऊन मोठे होतात.

ह्या पक्ष्यांचे वर्गीकरण कसे झाले, ही कथा आम्हां दप्तरी मनुष्यास फार ओळखीची वाटली. कर्नल विल्यम सायक्स ह्या अधिकाऱ्यास 1824 साली मुंबई सरकारने दख्खनची सांख्यिकी माहिती जमविण्यास नेमले. गावोगावची माहिती गोळा करिता करिता त्याने येथील पक्ष्यांचीही यादी केली व ती 1832 साली लंडन येथे प्रसिद्ध झाली. मोठ्या करड्या सातभाईचे शास्त्रीय वर्णन प्रथम तीत आले. मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम ह्यांच्या नावावरून त्याने त्या पक्ष्यास 'माल्कमी' हे जातिनाम दिले. माल्कम गेले, त्यांचे राज्यही गेले. माळावरचा पक्षी मात्र शास्त्राच्या दप्तरात अद्याप त्याच नावाने आहे.

कचेरीत ज्या कागदाचा विषय ठरत नाही, तो 'किरकोळ' म्हणून लिहिलेल्या रुमालात बांधून ठेवितात. पक्षिशास्त्रात 'टिमॅलिइडी' हे कूळ पुष्कळ काळ तसाच रुमाल झाले होते. आशिया खंडातील जे लहान गाणारे पक्षी कोठे बसत नसत, ते त्यात टाकीत. ह्या शतकात पेशींतील डीएनए तपासून खरी वंशावळ लावण्याची सोय झाली, तेव्हा तो रुमाल सोडावा लागला. खातेफोड होऊन एकाची अनेक कुळे झाली. आपले सातभाई हिमालयातील व चीनमधील लाफिंगथ्रश पक्ष्यांसह 'लिओथ्रिकिडी' कुळात गेले. वाकड्या लांब चोचीचा सह्याद्रीतील सातभाई जुन्याच कुळात राहिला. उलट, डोळ्याभोवती पांढरे कडे असलेला चिमुकला चष्मेवाला, ज्यास कोणी ह्यांचा नातलग म्हटले नसते, तो ह्यांच्या अगदी निकटचा ठरला. पुढे 2018 साली प्रसिद्ध झालेल्या अशाच तपासणीनंतर आपल्या सातभाईंचे प्रजातिनामही पालटले. पूर्वी ते 'टर्डॉइडिस', म्हणजे कस्तुरासारखे, ह्या नावाखाली होते. आता ते 'आर्ग्या' झाले. बाह्य रूपावरून लिहिलेली वारसनोंद खोटी ठरते व रक्ताची खरी ठरते, एवढेच ह्याचे सार होय.

परंतु पक्षी ज्या झुडपात बसतो, ते झुडूपच राहिले नाही, तर शुद्ध नोंद घेऊन काय करावयाचे? हा प्रश्न आमच्यावरच आला. तीन वर्षांमागे आमच्या व शेजाऱ्याच्या सामाईक बांधावरची बोर, तरवड व घायपात काढून बांध अरुंद करण्याचे आम्ही उभयतांनी ठरविले. दोघांस मिळून दीड गुंठा जमीन निघणार होती. यंत्र वेळेवर मिळाले नाही, म्हणून काम आषाढात झाले. एक बोर उपटून पडली, तेव्हा तीत वाटीसारखे घरटे होते व मातीत चार निळी अंडी फुटली होती. आठ सातभाई सायंकाळपर्यंत त्या यंत्राभोवती ओरडत होते. त्यांतले एखादे अंडे पावशाचे होते काय, हे सांगण्यास मार्ग नव्हता. पुढील मृगात पावशाची हाक ऐकू आली ती ओढ्यापलीकडून, दुसऱ्याच्या शिवारातून. एका बांधावरून सिद्धांत मांडणे योग्य नव्हे, हे आम्ही जाणतो. तरी त्या दीड गुंठ्याच्या पिकाचा हिशेब मांडताना ती चार अंडी आम्हांस अद्याप खर्ची घालावी लागतात.

म्हणून शेतकरी बंधूंस विनंती की, बांधावरची सर्व झुडपे एकदम काढू नयेत. काढणे भागच असेल, तर ते काम उन्हाळ्यातच उरकावे व तेव्हाही घरटे नाही ना, हे आधी पाहावे. आषाढ ते भाद्रपद कुऱ्हाड व यंत्र दूर ठेवावे. तणनाशक बांधावर फवारू नये. बांध कोणाचा, हा वाद नकाशावरून सुटतो. पण बांधावर जे कूळ पिढ्यान् पिढ्या वहिवाटीने राहते, त्याचे नाव कोणत्याही उताऱ्यावर चढत नाही. त्याची नोंद आपणच मनात ठेवावयाची आहे.

आम्ही त्याच जागी पुन्हा बोरी लाविल्या आहेत. शेजाऱ्यांनी आपण होऊन अर्धी जागा सोडली. झुडपे कमरेएवढी झाली आहेत. गेल्या पावसाळ्यात सातभाई तेथे किडे वेचून गेले. घरटे मात्र अजून बांधले नाही.