पेढीच्या घरातील निवृत्तिवेतनधारक

व्यापारी घराण्यांत एखादा तरी मुलगा नोकरीकडे वळलेला असतो. भाऊ हळदीच्या वा कापडाच्या पेढीवर बसतात. हा पाटबंधारे खात्यात किंवा शासकीय महाविद्यालयात तीस-बत्तीस वर्षे काढतो. घरात त्याच्या पगाराकडे थोड्या कौतुकाने आणि थोड्या किवेने पाहिले जाते. तो निवृत्त होतो तेव्हा मात्र चित्र पालटते. पेढीवरील कोणाच्याही हाती कर्ज न काढता एका वेळी येत नाही एवढी रक्कम त्याच्या खात्यावर जमा होते आणि महिनाभरातच विचारणा होते, ‘अण्णा, पैसे बँकेत ठेवून काय करणार? पेढीत लावा, बारा टक्के देऊ.’

या विचारण्यात कपट नसते. पेढीला खेळते भांडवल हवे असते आणि घरचा पैसा घरात राहावा हा व्यापाऱ्याचा जुना, रास्त विचार आहे. पण बारा टक्के आणि आठ टक्के हे एका जातीचे आकडे नव्हेत. पस्तिशीतल्या पुतण्याची उधारी बुडाली, तर पुढील दोन-तीन हंगामांत तो खोट भरून काढतो. निवृत्ताला ते हंगाम पुन्हा मिळत नाहीत.

कायद्याने या पैशाभोवती एक कुंपण घातले आहे, याची कल्पना पुष्कळांना नसते. १८७१ चा पेन्शन कायदा आणि १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेचे कलम ६० यांमुळे सावकाराला शासकीय निवृत्तिवेतनावर जप्ती आणता येत नाही. भविष्य निर्वाह निधीलाही १९२५ च्या कायद्याचे असेच संरक्षण आहे. हा पैसा पेढीत भांडवल म्हणून गेला की तो पेढीचा होतो आणि पेढीच्या देणेकऱ्यांचा त्यावर हक्क पोचतो. त्याहून गंभीर गोष्ट सहीची. भागीदारी कायद्यानुसार प्रत्येक भागीदार पेढीच्या संपूर्ण देण्याला वैयक्तिकरीत्याही जबाबदार असतो, आणि जामीनदाराची जबाबदारी, करारात वेगळे ठरले नसल्यास, मूळ ऋणकोइतकीच असते. ‘नावापुरती सही’ असा प्रकार कायद्यात नाही. ज्याला पेन्शन आहे त्याचीच सही बँकेला अधिक आवडते, हे निवृत्ताने विसरू नये.

आता रकमेकडे वळू. महाराष्ट्र शासनाचा एक अधिकारी अठ्ठावन्नाव्या वर्षी ९०,००० रुपये मूळ वेतनावर निवृत्त झाला असे धरू. निवृत्तिवेतन ४५,००० रुपये. त्यातील ४० टक्क्यांपर्यंत, म्हणजे १८,००० रुपयांचे अंशराशीकरण करता येते, म्हणजे तेवढी पेन्शन आगाऊ विकता येते. या वयाला गुणक ८.३७१, १८,००० गुणिले १२ गुणिले ८.३७१ केल्यास १८,०८,१३६ रुपये हाती येतात. त्याबदली पंधरा वर्षे दरमहा १८,००० कापले जातात, म्हणजे एकूण ३२,४०,०००. व्यापाऱ्याच्या नजरेने हे सुमारे पावणेनऊ टक्के दराचे कर्ज झाले. पण या कर्जाला दोन गुण आहेत: ही रक्कम प्राप्तिकरातून मुक्त आहे, आणि पेन्शनर आधी वारला तर उरलेली वसुली वारसांकडून होत नाही. महागाई भत्ताही पूर्ण ४५,००० वरच मिळत राहतो. म्हणून मुलीचे लग्न किंवा घराचे जुने कर्ज डोक्यावर असेल तर अंशराशीकरण जरूर करावे. पेढीला देण्याकरिता करू नये. तसे करणे म्हणजे पावणेनऊ टक्क्यांनी स्वतः कर्ज काढून दुसऱ्याचा धोका पत्करणे.

याशिवाय उपदान (महाराष्ट्रात १ सप्टेंबर २०२४ पासून कमाल २० लाख), ३०० दिवसांपर्यंतच्या अर्जित रजेचे रोखीकरण आणि भविष्य निर्वाह निधी असतोच. १ नोव्हेंबर २००५ किंवा त्यानंतर राज्य सेवेत आलेल्यांची गोष्ट निराळी. राष्ट्रीय निवृत्तिवेतन प्रणालीत त्यांना साठ टक्क्यांपर्यंत रक्कम हाती मिळते आणि उरलेल्या चाळीस टक्क्यांतून वार्षिकी घ्यावी लागते. त्यांनी तर मुद्दलाला अधिकच जपावे.

या रकमेचे पहिले घर म्हणजे ज्येष्ठ नागरिक बचत योजना. मर्यादा ३० लाख, मुदत पाच वर्षे, आणि एप्रिल २०२३ मध्ये झालेला दर ८.२ टक्के. पूर्ण ३० लाखांवर दर तिमाहीस ६१,५०० रुपये व्याज येते; ते करपात्र आहे. साठीच्या आत निवृत्त झालेल्याने निवृत्तीचे लाभ हाती आल्यापासून तीन महिन्यांत खाते उघडावे लागते. नेमक्या याच तीन महिन्यांत पैसे ‘तात्पुरते’ पेढीत जातात आणि ती मुदत टळते. उरलेली रक्कम दोन-तीन बँकांत विभागावी, कारण ठेव विम्याचे संरक्षण एका बँकेत एका ठेवीदारास ५ लाखांपर्यंतच आहे. पतसंस्थांच्या ठेवींना तेवढेही नाही, मग संचालक मंडळावर कितीही ओळखीची माणसे असोत.

भावाला मदत करूच नये असे नव्हे. गेली तरी घरखर्च अडणार नाही एवढीच रक्कम ठरवावी आणि ती भागीदार न होता, कर्ज म्हणून द्यावी. व्यवहार चेकने व्हावा. २०,००० रुपये वा अधिक कर्ज रोखीने घेण्यास प्राप्तिकर कायद्याची मनाईच आहे. चिठ्ठी लिहून घ्यावी, व्याज तिमाहीस खात्यावर यावे, आणि परतीची तारीख पाडव्याच्या हिशेबात नोंदलेली असावी. ज्या पेढीला ही अट अपमानाची वाटते, तिला पैसे देण्याची घाई नसावी.

हे सारे पत्नीला ठाऊक असणे आवश्यक आहे. पतीच्या पश्चात तिला सर्वसाधारण दराने मिळणारे कुटुंब निवृत्तिवेतन अखेरच्या वेतनाच्या ३० टक्के, म्हणजे वरील उदाहरणात २७,००० रुपये आणि त्यावरील महागाई भत्ता. ठेवींचे व्याज तिच्या हाती येणार की दिराकडे मागावे लागणार, हे आजच्या व्यवहारांवर ठरते. म्हणून निवृत्तिवेतनाच्या आदेशात तिचे नाव व जन्मतारीख तपासून घ्यावी, बँकेचे पेन्शन खाते शक्यतो तिच्यासह संयुक्त करावे, प्रत्येक ठेवीवर नामनिर्देशन करावे, आणि पेढीला दिलेल्या कर्जाची चिठ्ठी पेढीच्या तिजोरीत न ठेवता तिच्या कपाटात ठेवावी.