पुळणीवरचं शेवाळ

वादळी लाटा ओसरल्या की मालवणच्या पुळणीवर तपकिरी जुडग्यांचा ढीग साचतो. पाहुणे नाक मुरडतात: समुद्राने घाण टाकली! हा ढीग बहुतेक सरगॅसमचा, म्हणजे समुद्रशैवालाचा असतो. त्याच्या डहाळ्यांवरचे मिरीएवढे फुगे हवेने भरलेले असतात, म्हणून ते पाण्यात उभे राहते. त्या दाटीत माशांची पिल्ले लपून वाढतात, खेकडे-शिंपले आसरा घेतात. उखडून किनाऱ्यावर आले तरी ते फुकट जात नाही. वाळूतले बारीक जीव त्यावर पोसतात, आणि त्या जिवांवर पाखरे. तमिळनाडू-केरळच्या किनाऱ्यावर ते नारळाच्या आळ्यात खत म्हणून जाते. पुळण घासून स्वच्छ करणाऱ्यांनी एवढे तरी पाहावे.

समुद्रशैवालाला मुळे असतात, असेही अनेकांना वाटते. पण खडकाला धरून ठेवणारा भाग फक्त पकड देतो. पोषक द्रव्ये ते सर्वांगाने पाण्यातून शोषते. म्हणूनच त्याच्या शेतीला जमीन लागत नाही, गोडे पाणीही लागत नाही.

‘आपण काही शेवाळ खात नाही’ म्हणणाऱ्या घरात चायना ग्रासची बर्फी हमखास झालेली असते. चायना ग्रास म्हणजे अगर, लाल समुद्रशैवालातून काढलेला. फॅनी हेसे या गृहिणीने जेलीसाठी वापरला जाणारा हाच अगर जंतू वाढवण्यासाठी सुचवला, आणि जंतुशास्त्रज्ञ रॉबर्ट कॉखच्या प्रयोगशाळेत तो पोहोचला. क्षयाचे जंतू सापडल्याचे याच कॉखने 1882 मध्ये जाहीर केले. आजही रुग्णाचे नमुने तपासायला अगरच्या बशा लागतात.

कौतुकातही चूक होते. पृथ्वीवर तयार होणारा जवळपास निम्मा प्राणवायू समुद्रातला, हे खरे. पण त्याचे मोठे श्रेय डोळ्यांना न दिसणाऱ्या प्लवकांचे. शैवालाने शोषलेला कार्बनही ते कुजले की बराचसा परत सुटतो. खोल समुद्रात गाडला जातो तेवढाच दीर्घकाळ टिकतो.

आणि लागवड केली म्हणजे धोका नाही, असेही नव्हे. मन्नारच्या आखातात शेतीसाठी आणलेले कॅपाफायकस हे परके शैवाल कुरुसडै बेटाजवळच्या प्रवाळांवर पसरले. त्याच आखातात पांबनजवळच्या चिन्नपालमच्या बायका बोटांना चिंध्या गुंडाळून, श्वास रोखून बुड्या मारतात आणि रानटी शैवाल गोळा करतात. खडक खरवडणारी लोखंडी हत्यारे त्यांनी सोडली, आणि महिन्यातले बाराच दिवस पाण्यात उतरायचे ठरवले. त्यांच्यातल्या लक्ष्मी मूर्ती यांना निसर्गरक्षणासाठीचा 2015 चा सीकॉलॉजी पुरस्कार मिळाला.