आधी हात, मग चेहरा, मग मन

तीन महिन्यांच्या बाळाला समोरचं खेळणं दिसतं, पण मुठीत धरता येत नाही. अमेरिकेतल्या जेसिका सॉमरव्हिल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात अशा बाळांना वेल्क्रोचे हातमोजे घातले. हात लागला, की खेळणं चिकटून वर येई. काही मिनिटं असं खेळल्यावर त्यांना दुसऱ्याचा हात एकाच खेळण्याकडे पुन्हापुन्हा जाताना दाखवला. मग खेळण्यांची अदलाबदल केली. हात जुन्याच जागी, पण नव्या खेळण्याकडे गेला, तेव्हा बाळं जास्त वेळ टक लावून पाहत राहिली. हात कुठे जातो यापेक्षा कशासाठी जातो, हे त्यांनी टिपलं होतं. मोजे घालण्याआधीच हे दृश्य पाहिलेल्या बाळांच्या नजरेत असा फरक दिसला नाही.

वर्षाचं होईपर्यंत मूल चेहऱ्यावरून सल्ला घेऊ लागतं. १९८५ साली जेम्स सॉर्स आणि सहकाऱ्यांनी वर्षाच्या मुलांना जाड काचेच्या टेबलावर सोडलं. निम्म्या काचेखाली सुमारे फूटभर खोलगट भाग दिसत होता आणि पलीकडे आई उभी होती. पुढे जावं की नाही, म्हणून मुलं आईकडे बघत. आईचा चेहरा हसरा होता, तेव्हा १९पैकी १४ मुलं रांगत पलीकडे गेली. चेहरा घाबरलेला होता, तेव्हा १७पैकी एकही गेलं नाही.

समोरच्याची आवड आपल्यापेक्षा वेगळी असू शकते, हे मात्र आणखी उशिरा कळतं. बेटी रेपाचोली आणि ॲलिसन गॉपनिक यांनी १९९७ साली मुलांपुढे खारी बिस्किटं आणि कच्ची ब्रोकोली ठेवली. मुलांची पसंती अर्थातच बिस्किटांना! काही मुलांसमोर प्रयोग करणाऱ्या बाईंनी बिस्कीट चाखून तोंड वाकडं केलं, ब्रोकोली मात्र मिटक्या मारत खाल्ली. मग हात पुढे करून, ‘मला थोडं देतोस?’ १४ महिन्यांच्या बहुतेकांनी बिस्कीटच दिलं. १८ महिन्यांच्या बहुतेकांनी बाईंच्या हातावर ब्रोकोली ठेवली.

समोरच्याची समजूत चुकीची असू शकते, हे उमगायला त्याहून बराच वेळ लागतो. हाइन्झ विमर आणि योसेफ पर्नर यांच्या १९८३च्या गोष्टीत मॅक्सी चॉकलेट एका कपाटात ठेवून खेळायला जातो आणि आई ते दुसऱ्या कपाटात हलवते. परतल्यावर तो कुठे शोधेल? चार वर्षांखालच्या मुलांना याचं बरोबर उत्तर देता आलं नाही; सहा ते नऊ वर्षांच्या ८६ टक्के मुलांना आलं. तेव्हा तीन वर्षांचं मूल गोष्ट अर्धवट सांगून ‘तुला माहितीये ना!’ म्हणत चिडलं, तर त्याला रागावू नका. आपल्याला ठाऊक आहे ते आईबाबांनाही ठाऊक असणार, असंच त्याला वाटत असतं.