अर्धांगवायू : टाळेबंदीने शिकवलेला धडा



अर्धांगाचा झटका आला की ‘बाहेरचं वारं लागलं’ असं वाड्या-वस्त्यांवर अजून म्हणतात. खरे तर हा मेंदूचा आजार आहे. मेंदूला रक्त पुरविणारी वाहिनी गुठळीने तुंबते किंवा फुटते. तेवढा भाग मरतो आणि त्याच्या ताब्यातला हात, पाय किंवा वाचा जाते.

मेलेला भाग पुन्हा जिवंत होत नाही. पण शेजारचा भाग ते काम शिकू शकतो. पाट फुटला तर आपण दुसऱ्या दांडाने पाणी फिरवतोच की! मात्र नवा दांड टिकायला त्यातून रोज पाणी जावे लागते. व्यायाम, चालण्या-बोलण्याचा सराव हेच ते पाणी. जास्तीत जास्त सुधारणा पहिल्या तीन ते सहा महिन्यांत होते. पुढेही होते, पण सावकाश.

२०२० साली अनेकांचे नेमके हेच महिने वाया गेले. २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी झाली. एस.टी. आणि रेल्वे थांबली, खाटा करोनासाठी राखल्या गेल्या, कित्येक ठिकाणी बाह्यरुग्ण विभाग बंद पडले. व्यायामोपचार तज्ज्ञ एरवीही बहुतेक शहरातच. संसर्गाच्या धास्तीने नवे रोगीही उशिरा पोहोचले.

त्याच २५ मार्चला केंद्र सरकारने दूरवरून वैद्यकीय सल्ला देण्याचे नियम जाहीर केले. फोनवर व्यायाम दाखविणे सुरू झाले. पण जिथे रेंज नाही किंवा घरात साधाच फोन, तिथे काय करणार? शेवटी घरचा माणूसच उपयोगी पडला, आणि तोही शिकवलेला असेल तरच.

म्हणून घरी येण्यापूर्वीच व्यायाम नीट शिकून घ्यावेत. अंथरुणावरच्या रोग्याची कूस दर दोन तासांनी बदलावी. लुळा हात धरून ओढू नये, खांदा निखळतो. घास-पाणी बसवूनच द्यावे. रक्तदाबाच्या गोळ्या मनाने बंद करू नयेत.

आणि तोंड वाकडे झाले, हात लुळा पडला, बोबडी वळली, तर घड्याळ बघून वेळ लक्षात ठेवावी व लगेच १०८ ला फोन करावा. गुठळी विरघळविणारे इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येते, तेही मेंदूचा सी. टी. स्कॅन करून. अंगारा-धुपाऱ्यात ती वेळ घालवू नका.