यंत्रासोबत कानसही द्या



वादळात आडव्या झालेल्या झाडाने पाड्याचा रस्ता अडतो. कुठे वाळलेली जुनी चिंच शाळेच्या छपरावर कलते. अशा वेळी “गावाला एक चेनसॉ घेऊन देऊ” असे आपल्याला सहज वाटते. भावना चांगली आहे. पण देऊन मोकळे व्हावे अशी ती वस्तू नव्हे. मोठ्या, कठीण झाडापुढे हे यंत्र कसे चालते आणि कुठे घात करते, हे समजले तर आपले दान खऱ्या अर्थाने कामी येईल.

सगळे लाकूड सारखे नसते. सावरीचे लाकूड मऊ. साग मध्यम जड, पण त्यात वाळूतला घटक, म्हणजे सिलिका असल्याने धार लवकर जाते. ऐन आणि धावडा त्याहून जड. खानदेशातील अंजन तर देशातल्या सर्वांत जड लाकडांपैकी एक. त्याचा गाभा पाण्यात बुडतो. जुन्या चिंचेचा गाभा चिवट, आणि बुंधा पुष्कळदा आतून पोकळ. वाळल्यावर ही लाकडे आणखी कठीण होतात.

अशा लाकडात आधी काम करते ती साखळी. इंजिन तिच्या मागोमाग. पूर्वी साखळीचे दात साध्या करवतीसारखे टोकदार असत. ते लाकूड खरवडत आणि पुन्हा पुन्हा धार मागत. १९४६ मध्ये अमेरिकेतील ओरेगॉन राज्यात जोसेफ कॉक्स या लाकूडतोड्याने एका बुंध्यात भुंग्याची अळी पाहिली. ती आपल्या दोन जबड्यांनी डावीकडे-उजवीकडे लाकूड कुरतडत सहज पुढे जात होती. तिच्यावरून त्याने आळीपाळीने डावे-उजवे वळलेले दात असलेली साखळी तयार केली. आजच्या बहुतेक साखळ्या त्याच रचनेवर चालतात. प्रत्येक दातापुढे एक लहान उंचवटा असतो. दाताने किती खोल घास घ्यायचा, हे तो ठरवतो.

साखळी धारदार असेल तर यंत्र स्वतःहून लाकडात उतरते आणि ढलप्या बाहेर पडतात. ढलप्यांऐवजी पिठासारखा भुसा पडू लागला, धूर येऊ लागला किंवा यंत्रावर भार द्यावा लागला, की धार गेली असे समजावे. बोथट साखळीवर जोर लावणारा माणूस थकतो, आणि थकलेला हात चुकतो. म्हणून इंधन भरायला थांबावे तेव्हा गोल कानसेने धार पाहून घ्यावी. नेहमी दाताचा कोन ३० अंशांचा ठेवतात; कठीण लाकडाला २५ अंशांच्या आसपासचा कोन जास्त टिकतो. कोपरा गोलसर असलेले दातही अशा लाकडात धार धरून ठेवतात. रस्त्याकाठच्या आणि शाळेच्या आवारातल्या झाडांत जुने खिळे, तारा रुतलेल्या असतात. एका खिळ्याने सगळी साखळी वाया जाते, म्हणून बुंधा आधी नीट तपासावा.

इंजिनाचे मापही पाहावे लागते. ५० ते ६० सीसीच्या यंत्राला १८ इंची पट्टी पेलते. त्यालाच लांब पट्टी लावून अंजनाच्या बुंध्यात घातले, तर साखळी अडते आणि क्लच जळतो. मोठ्या बुंध्यांसाठी ७० ते ९० सीसीचे यंत्र लागते. ते वजनाला जड असते, म्हणून सवय नसलेल्याच्या हाती देऊ नये.

आता धोक्याविषयी. साखळी सेकंदाला सुमारे २० मीटर वेगाने फिरते. पट्टीच्या टोकाचा वरचा भाग फांदीला लागला, तर यंत्र उसळून चालवणाऱ्याच्या तोंडाकडे येते, आणि हात सावरायला वेळ मिळत नाही. उभे झाड पाडताना ज्या बाजूला पाडायचे तिकडे आधी खाच घेतात. मागून कापताना मध्ये व्यासाच्या साधारण एक दशांश जाडीचे लाकूड न कापता ठेवतात. हीच झाडाची बिजागरी. तीच कापून टाकली तर झाड कुठेही जाते. खूप कललेले झाड मागून सावकाश कापले, तर बुंधा उभा चिरत वर उसळतो आणि मागच्या माणसाला मारतो. पडलेल्या झाडातही ताण असतो. दाबाखालच्या बाजूने थोडे कापून मग ताणलेल्या बाजूने कापावे. नाहीतर पट्टी चिमटते किंवा फांदी झेपावते. फटीत घालायची पाचर लाकडाची किंवा प्लास्टिकची असावी, लोखंडाची नको.

हे वाचून शिकण्याचे काम नव्हे. जाणत्याच्या हाताखाली प्रत्यक्ष शिकावे लागते. म्हणून देणगी देताना यंत्रासोबत एवढे जरूर द्यावे: जाळीचे हेल्मेट, कानांचे संरक्षण, बूट, हातमोजे, आणि साखळी लागताच जिचे धागे तिच्यात गुंतून तिला थांबवतात ती खास विजार. जादा साखळ्या, कानस, पाचरी आणि साखळीचे तेल. दोन जणांच्या प्रशिक्षणाचा खर्चही त्यात धरावा. दोन, कारण झाडाजवळ एकट्याने काम करू नये. एवढ्याला पैसे पुरत नसतील, तर यंत्र पुढच्या वर्षी घ्यावे. तोवर दोरखंड, दोन माणसांनी ओढायची करवत आणि गावातले जाणते हात पुष्कळ काम करतात.

शेवटचे, पण सर्वांत आधी विचारायचे: हे झाड तोडायलाच हवे का? मोहाचे एक झाड कुटुंबाला वर्षानुवर्षे फुले आणि बी देते. पुष्कळदा एक वाळलेली फांदी उतरवली की धोका टळतो. झाड तोडायचेच असेल, तर ग्रामसभेत बोलावे आणि वनखात्याची परवानगी घ्यावी. आदिवासी खातेदारांच्या जमिनीतील झाडांच्या विक्रीसाठी महाराष्ट्रात १९६९ पासून स्वतंत्र कायदा आहे. पूर्वी व्यापाऱ्यांनी मातीमोल भावाने झाडे नेली, तसे पुन्हा होऊ नये म्हणून तो आहे. आपण दिलेले यंत्र अशा व्यापाराच्या हाती लागणार नाही, याची काळजीही आपल्यालाच घ्यायची आहे.