धुऱ्यावरच्या फुलांची देवी

निंदणाला आलेल्या बाया कुरडू उपटतात आणि धुऱ्यावर भिरकावतात. सोयाबीन असो की कपाशी, शेतकऱ्याच्या लेखी कुरडू म्हणजे तण. पण सर्वपित्री अमावस्या आली की यवतमाळ जिल्ह्याच्या दक्षिणेला, वणी, झरी-जामणी, पांढरकवड्याच्या पट्ट्यात, तेलुगू बोलणाऱ्या घरांतली पोरं हेच कुरडू शोधत सकाळी सकाळी रानात शिरतात. संध्याकाळपर्यंत त्या तणाची देवी झालेली असते. तिचं नाव बतुकम्मा.

तेलुगूत ‘बतुकु’ म्हणजे जगणं, ‘अम्मा’ म्हणजे आई. आपण देवीकडे आयुष्य मागतो. इथे नावातच देवीला म्हटलं जातं, आई, तू जग! एका कथेत मुलं न जगणाऱ्या घरात अखेर एक मुलगी होते आणि थोरली माणसं तिला हाच आशीर्वाद देतात. मला हे नाव फार मोलाचं वाटतं. मुलीनं जगावं, ही इच्छा इथे सणाचं नाव होऊन बसली आहे.

आता ही देवी घडते कशी ते जवळून बघा. तबकात किंवा बांबूच्या परडीत भोपळ्याचं पान अंथरतात. त्यावर फुलांचं पहिलं कडं: तोंडं बाहेर, देठं आत. मधली पोकळी चिरलेल्या देठांनी आणि पानांनी ठासून भरतात. त्यावर दुसरं कडं, किंचित लहान. मग तिसरं. वर जाता जाता कडी आखडत जातात आणि देवळाच्या शिखरासारखा डौलदार शंकू उभा राहतो. सगळी गंमत त्या आतल्या भरावात आहे. आत वळलेली देठं भरावात रुततात, वरच्या कड्याचं वजन त्यांना दाबून धरतं, म्हणून एवढा मनोरा फुलांचा असूनही ढासळत नाही. शिखरावर भोपळ्याचं पिवळं फूल आणि हळदीची छोटीशी गौरी बसली की काम झालं.

यात कुरडूच का, याचं उत्तर त्याच्या पाकळीत आहे. चिमटीत धरून चुरून पाहा, कागदासारखी वाजते. कुरडू हा राजगिऱ्याच्या, माठाच्या कुळातला आणि बागेतल्या कोंबड्याचा सख्खा नातेवाईक. त्याच्या तुऱ्याचे पापुद्रे मुळातच कोरडे, त्यामुळे खुडल्यावरही आकार धरून राहतात. जोडीला पिवळाधमक तरवड. दगडाळ माळावर वाढणारं हे झुडूप पूर्वी सालीसाठी ओळखलं जायचं, कातडी कमवायला ती साल लागे. आज तेच तेलंगणाचं राज्यफूल आहे. विदर्भात ठायी ठायी उगवणारा तरोटा त्याचा जवळचा भाऊबंद. पावसाळा सरता सरता ही रानफुलं भरात येतात आणि तळी तुडुंब असतात. सणाची तिथी आणि रानाचं पंचांग इथे एकमेकांना चिकटून चालतं.

त्याच तबकातला झेंडू मात्र परदेशी, मूळ मेक्सिकोकडचा. भोपळाही अमेरिका खंडातूनच आला. धुऱ्यावरचं तण आणि समुद्रापलीकडचे हे पाहुणे एकाच देवीच्या अंगावर शेजारी शेजारी बसलेले असतात.

उत्सव 9 दिवसांचा, अमावस्येपासून दुर्गाष्टमीपर्यंत. पहिला दिवस उष्ट्या फुलांचा. सहाव्या दिवशी देवी रुसलेली असते, म्हणून त्या दिवशी बतुकम्मा रचतच नाहीत! शेवटच्या दिवशी सगळ्यांत मोठी बतुकम्मा आणि दहीभात, चिंचेचा भात, तिळाचा भात अशी शिदोरी. अंगणात बतुकम्मा मधोमध ठेवून बाया फेर धरतात, वाकून टाळी, उठून टाळी. गाण्याच्या ओळींना ‘उय्यालो’ हे पालुपद असतं. त्याचा अर्थ झोका.

2014 साली तेलंगणानं बतुकम्माला राज्य उत्सव केलं. पण देवीला सरहद्द कुठे ठाऊक? यवतमाळ आणि तेलंगणातलं आदिलाबाद यांच्यामध्ये आज पैनगंगेची सरहद्द आहे. 1853 साली वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात जाईपर्यंत नदीचे दोन्ही काठ निजामाच्याच राज्यात होते. त्यात यवतमाळच्या कोलामांच्या पोडांवरची, म्हणजे वस्त्यांवरची, कोलामी आणि गोंडांची गोंडी या भाषाही तेलुगूच्याच द्राविडी कुळातल्या. मग नदीअलीकडे बतुकम्मा दिसली तर नवल कसलं?

नवल आहे ते शाळकरी मुलींचं. घरात तेलुगू, शाळेत मराठी, अशा दोन्ही भाषा बोलणारी नववी-दहावीतली मुलगी हीच या सणाची खरी दूत. याच दिवसांत विदर्भात भुलाबाई बसलेली असते, भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत. मैत्रिणीच्या घरी भुलाबाईची गाणी म्हणायची, झाकलेली खिरापत ओळखायची आणि दुसऱ्या दिवशी त्याच मैत्रिणीला आपल्या अंगणात फेर धरायला ओढून आणायचं, हे ती सहज करू शकते. टाळी कधी वाजवायची, ‘उय्यालो’ कुठे म्हणायचं, हे मैत्रीण बघता बघता शिकते. त्यासाठी तिला तेलुगू यावं लागत नाही. यवतमाळ शहरात तेव्हा दुर्गोत्सवाचे भव्य मंडप आणि रोषणाई असते, ते बघायला दूरदूरहून गर्दी लोटते. त्या झगमगाटात या अंगणांकडे कोणाचं लक्ष जात नाही, याची मला खंत वाटते.

यंदा दुर्गाष्टमीच्या संध्याकाळी पांढरकवडा किंवा वणीच्या बाजूला असाल, तर पाण्याच्या काठाशी थांबा. बाया तबकं डोक्यावर घेऊन येतील आणि देवी पाण्यात सोडतील. आणि घरी बतुकम्मा रचणाऱ्यांना एक विनंती. कुरडूचे पांढरे तुरे रासायनिक रंगात बुडवू नका, तो रंग शेवटी तळ्यातच उतरतो. कुरडूला त्याचा स्वतःचा फिकट गुलाबी आहे, तो पुरेसा आहे.